खालच्या मजल्यावरचं शेवटचं रेकॉर्डिंग

मी, वर नाव लिहिलेली बाई, वय ४८ वर्षे, धंदा पडदे शिवणे, राहणार बाजारामागची गल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी धाकट्या भावासोबत राहते. तो एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँडचे नाव ‘खालचा मजला’. त्यांच्या अल्बमचे नावही ‘खालचा मजला’. पत्ता नको, नाव सांगा, असे साहेब दोनदा म्हणाले. हेच नाव आहे, त्याला मी काय करू? अल्बमच्या नावावर चौघांचे एकमत होईना, म्हणून बँडचेच दिले. असल्या संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात म्हणे. त्यात गाणारा कोणी नाही, नुसती वाद्ये.

आज दुपारी माझ्या दुकानामागच्या खोलीत शेवटचे रेकॉर्डिंग होते. भिंतींना मी जाड पडदे लावून दिले होते. तरी वरच्या मजल्यावरच्या काकांनी आवाजाची तक्रार केली. गाणे कधी सुरू होणार, असे ते मला महिनाभर विचारत होते. ते सुरू होईना म्हणूनच वैतागले असावेत.

हवालदार आले तेव्हा हळू वाजवायचा भाग चालू होता. त्यांनी दार ठोठावले, आत येऊन ‘बंद करा’ म्हणाले. तिघे थांबले. भाऊ डोळे मिटून वाजवतच राहिला. हवालदार त्याच्या पुढ्यात जाऊन ओरडले, तरी थांबला नाही. म्हणून त्याने पोलिसांना जुमानले नाही असे हवालदारांनी लिहिले आहे.

ते खोटे आहे. माझ्या भावाला ऐकू येत नाही. डावा कान गेल्या वर्षीच गेला, उजवा आता गेल्यात जमा आहे. डॉक्टरांनी वाजवणे बंद कर म्हणून बजावले होते. तो म्हणाला, ‘ताई, एवढा अल्बम होऊ दे, मग तू म्हणशील तसं.’ मी गप्प बसले. गिटारवाल्याचा पाय बघून तो वाजवायचा, हळू भागात मनात मोजायचा. त्या तिघांना याचा पत्ता लागू दिला नाही.

आज लागला. तिघे नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने डोळे उघडले. हवालदार दिसायच्या आधी मी दिसले, तर मलाच म्हणाला, ‘नीट झालं ना गं?’ मी मान हलवली.

आता चौघेही बाहेर बाकावर बसले आहेत. ते तिघे त्याला एवढा अल्बम तरी पुरा करू देतील की नाही, कोण जाणे. माझा जीव थाऱ्यावर नाही, तेव्हा काय ते लवकर लिहून घ्या.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. भावाचाही जबाब घ्याल तर त्याला वाचून दाखवू नका, कागद हातात द्या. वाचून दाखवलात तर तो सगळ्याला हो हो म्हणेल आणि सही करेल.