'ॲबिगेल'चा चीफ इंजिनिअर

(बॉथेल, वॉशिंग्टन. नोव्हेंबर १९८६. दिगंबरकाकांचं स्वयंपाकघर. सुचित्रा युनिव्हर्सिटीतून बसनं आली आहे. टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा.)

काका : भित्रा? कोण म्हणतं भित्रा? हा माणूस माझ्या बोटीवर असता ना, तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो मी!

सुचित्रा : कॅप्टन म्हणतो, रिपोर्टमध्ये. इथल्या सिव्हिल वॉरमध्ये उत्तरेच्या नेव्हीची 'ॲबिगेल' तीन वर्षं दक्षिणेच्या बंदराबाहेर पहारा देत होती, आत-बाहेर कोणी जाऊ नये म्हणून. एका पहाटे शत्रूचं मालानं भरलेलं जहाज निसटलं. हिनं पाठलाग केला आणि ऐन वेळी चीफ इंजिनिअरनं स्टीम उतरवली. जहाज गेलं हातचं. त्याला काढून टाकलं.

काका : कॅप्टन वर उभा. खाली काय चाललंय ते त्याला काय कळणार, कप्पाळ! ही बघ इंजिनरूमची वही. बॉयलरला समुद्राचं पाणी. दर चार तासांनी मीठ किती, ते लिहिलंय बिचाऱ्यानं. चौदा महिने बॉयलर साफ नाही. अकरा वेळा मागणी, 'बंदरात न्या, मीठ खरवडायला हवं.' नेलं?

सुचित्रा : नाही. पहारा सोडायचा नव्हता त्यांना.

काका : मग काय, मिठाचे थर बसले, पत्रा तापून फुगला. त्या दिवशीचं वाच. 'भट्टीचा माथा दोन इंच खाली आला.' अजून दहा मिनिटं दामटलं असतं तर बॉयलर फुटून खालची बावीस माणसं भाजून मेली असती. वाचवली त्यानं.

सुचित्रा : मला ते आकडे कळलेच नाहीत हो. कॅप्टनचं खरं धरलं आणि आर्टिकलमध्ये सरळ लिहिलं, घाबरला म्हणून. ऑगस्टमध्ये छापून आलं. म्हणून तर छापायच्या आधी तुम्हाला वहीची झेरॉक्स पाठवली होती! दोनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, कामात आहे.

काका : हं.

सुचित्रा : खरंच कामात होतात?

काका : नाही. पाकीट मे महिन्यात आलं. फोडलं काल.

सुचित्रा : का पण, काका?

काका : राग, दुसरं काय! प्रल्हादनं तुला माझ्या भरवशावर इंजिनिअरिंगला पाठवलं. सहा महिन्यांत तू हिस्टरी घेतलीस. तुझ्या बापाला तोंड दाखवायची चोरी झाली मला. म्हटलं, आता तुझं तू निस्तर. पंचवीस वर्षं बोटींची इंजिनं सांभाळली मी. अर्ध्या तासाचं काम होतं गं. लाज वाटते.

सुचित्रा : मीही थांबायला हवं होतं. डेडलाइन होती, दिलं पाठवून.

काका : वही ज्यांनी दिली त्या बाई, या इंजिनिअरची नात ना? लाव त्यांना फोन. मी सांगतो समजावून.

सुचित्रा : मिसेस हार्लन गेल्या, काका. मागच्या मंगळवारी. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या.

काका : अरेरे! आर्टिकल वाचलं होतं त्यांनी?

सुचित्रा : मीच पाठवलं, मोठ्या हौसेनं. दोन ओळींचं पत्र आलं. 'थँक यू. आजोबांचा फोटो हॉलमधून काढून ठेवलाय.'

काका : देवा रे.

सुचित्रा : करेक्शन छापायला देतेय मी. पण त्यांची मुलगी आहे, ओहायोत. तिला आत्ताच फोन करू या. तुम्ही बोलाल?

काका : बोलतो. लाव.

सुचित्रा : काय सांगणार?

काका : पाकीट मे महिन्यात आलं होतं, हे आधी सांगतो. मग तिच्या पणजोबांचं.