दादा काय म्हणाला

मिठाईवाला : ‘शहरात आलात तर ही दहा दुकानं चुकवू नका’ म्हणे पेपरात. आणि पहिल्या नंबरावर कोण, तर आमचा धाकटा भाऊ.

बायको : वाचलं मी सकाळीच. चहा घ्या, गार होतोय.

मिठाईवाला : बावीस वर्षं कढईपुढे उभा आहे मी. पाक कधी उतरवायचा हे त्याला शिकवलं कुणी? मी.

बायको : आणि त्यानं वेगळं दुकान टाकलं म्हणून बोलणं टाकलं, तेही तुम्हीच.

मिठाईवाला : पुढचं वाच. चष्मा सापडत नाही.

बायको : डोक्यावर आहे. ऐका. ‘बदामाची मिठाई दाताला चिकटत नाही, गोडी बेताची, कडा मऊ...’

मिठाईवाला : थांब. गोडी जास्त आहे, चिकटते, कडा वाळल्यात... हे सगळं मी म्हणालो होतो.

बायको : दर शनिवारी मला गुपचूप आणायला पाठवता, खाता आणि नावं ठेवता. म्हणणारच.

मिठाईवाला : ते त्याला कसं कळलं?

बायको : मी सांगितलं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं, ही कुणासाठी नेतेय. पुडा बांधताना विचारतात, ‘दादा काय म्हणाला?’ खोटं कशाला बोलू? पुढच्या शनिवारी ते सुधारलेलं असतं.

मिठाईवाला : अगं, निम्म्या चुका त्यात नव्हत्याच. पोटात दुखायचं म्हणून बोलायचो. बदाम भरड राहिलेत म्हणालो, ते तर साफ खोटं होतं.

बायको : तेव्हापासून ते बदाम दोनदा वाटतात.

मिठाईवाला : म्हणजे त्याला वर चढवला तो मीच.

बायको : त्यांची मिठाई इतकी चवीनं खाता. आपली शेवटची कधी तोंडात घातलीत?

मिठाईवाला : ते राहू दे. आजचा पुडा कुठाय?

(तो एक तुकडा खातो. मग दुसरा.)

बायको : काय सांगू भाऊजींना?

मिठाईवाला : नाव ठेवायला जागाच सोडली नाही मेल्यानं.

बायको : हे मी नाही सांगणार. हे तुम्ही जाऊन सांगा.

मिठाईवाला : रांग असते ना तिथे?

बायको : पार कोपऱ्यापर्यंत.

मिठाईवाला : आपलं एखादं गिऱ्हाईक असेल त्यात. बघेल मला.

बायको : निम्मी रांग आपल्याच गिऱ्हाइकांची आहे. जा, त्यांच्या मागे उभे राहा.