साडूचा ग्राफ

साडूचं दुखणं काय सांगू यार! जावई मी पहिला, पण अमेरिकेत डब्लिनला सासऱ्यांकडे गेलं की कौतुक ब्रायनचं, कारण तो एकेकाळी बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, होता. मी पडलो डेटावाला. त्याचं अख्खं करिअर खणून काढलं आणि दिवाळीच्या फराळाला सासऱ्यांपुढे ग्राफ ठेवला. म्हटलं, "बघा बाबा, मॅच बाकीची टीम जिंकून द्यायची. हा नुसता समोरच्यांना रन वाटायचा."

सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि ते ओरडले, "ब्रायन, कम कम! समीर मेड धिस फॉर यू!"

ब्रायनने मला मिठीच मारली.

तो ग्राफ आता सासऱ्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. भिंतीवर जागा नव्हती, म्हणून आमच्या लग्नाचा फोटो उतरवला.