खांद्यावरचा जनरल

ये, ये, आत ये नूपुर — दचकू नको बेटा, मीच आहे, शरच्चंद्रकाका. हो, युनिफॉर्म घातलाय खरा. प्रताप नगरातल्या फ्लॅटचं दार जर्मन जनरलनं उघडलं म्हटल्यावर कोणीही दचकेल — समोरच्या यमुताईंनी काल दुधाची पिशवी उचलताना मला पाहिलं आणि धाडकन दारच लावून घेतलं. आता त्यांना काय समजावून सांगू? सवय राहावी म्हणून घालून बसतो गं. रोज नाही — म्हणजे दुपारचा, थोडा वेळ. शूटिंगचं बोलावणं कधी येईल सांगता येत नाही ना, आणि कपड्याची सवय मोडली की चालण्यात फरक पडतो, हे तुमच्या डायरेक्टरनं, अपूर्वनंच सांगितलंय मला. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — दिवाणावर बस. चहा टाकतो. नको काय नको? असिस्टंट डायरेक्टर आहेस, उन्हातान्हात गाडीवर फिरून राहिलीस, चहाला नाही म्हणायचं नसतं. तसाही माझा चहा दोन कपच होतो बघ नेहमी. एकाचा अंदाज अजून येत नाही. दुसरा कप मग मीच पितो, गार झाला की.

तुला सांगितलं का अपूर्वनं, मला कुठं पकडलं ते? सीताबर्डीत, मेट्रोच्या जिन्याखाली. मी चष्म्याची दांडी बदलायला गेलो होतो, तर हा मागून आला — 'काका, एक मिनिट चष्मा काढता का?' मला वाटलं, झालं, लुटला गेलो आता. तर हा माझे डोळे पाहून राहिला! घारे डोळे. ऑफिसात सगळे मला मांजर म्हणायचे त्यावरून, रिटायरमेंटच्या भाषणातसुद्धा साहेब म्हणाले, आपले मांजर आता घरी चालले. त्या डोळ्यांचं कोणी कौतुक करावं ते या वयात! तिथंच उभ्या उभ्या अख्खा सिनेमा सांगितला त्यानं मला — दुसरं महायुद्ध, इटली, आपल्या विदर्भातल्या खेड्यांतले चार शिपाई शत्रूच्या बंगल्यात शिरतात, जनरलला जिवंत उचलतात आणि डोंगरांमधून खांद्यावर टाकून थेट समुद्रापर्यंत नेतात. मागे अख्खी फौज लागलेली. बोलता बोलता आवाज इतका चढला त्याचा, की दोन ऑटोवाले येऊन उभे राहिले ऐकायला. 'काका, मी लंडनला शिकलो, तिथं युद्धाचे सिनेमे पाहिले, त्यांत आपली माणसं ओझी घेऊन मागून चालतात फक्त. माझ्या सिनेमात ती पुढं चालतील आणि आपल्या भाषेत बोलतील.' असं पोटातून कोणी बोललं ना, की मला नाही म्हणता येत नाही. विचारलं, मी काय करायचं? म्हणाला, 'तुम्ही फक्त शत्रू व्हा.' झालो बाप्पा.

आणि काय मजा आली! रामटेकच्या टेकड्या म्हणजे इटली, खिंडसीचा तलाव म्हणजे समुद्र — तलावावर फिरायला आलेल्या एका बाईनं मला विचारलं, तुम्ही बँडवाले का हो? डायलॉग एक नाही. पहिल्याच सीनला तोंडात बोळा कोंबला, हात बांधले, ते जवळजवळ सिनेमाभर. काहून हसून राहिलीस? अवघड असतं ते, नुसतं डोळ्यांनी करायचं सगळं. पण ते शिपाई झालेले संघपाल आणि कवडू, दोघं झाडीपट्टीच्या नाटकातले, काय पोरं आहेत! कॅमेऱ्यासमोर मला फरफटत नेणार, आणि 'कट' म्हटलं रे म्हटलं की संघपाल गुडघ्यावर बसून विचारणार, 'काकाजी, दोरी रुतून तं नाही राहिली ना?' पुन्हा पुन्हा सोडायला-बांधायला नको म्हणून नाश्त्यालाही मी बांधलेलाच — तर त्यानं आपल्या हातानं आलूबोंडा भरवला मला. फुंकर घालून. कवडू तिकडून ओरडतो, 'अबे संघपाल, दुश्मनाले कोणी फुंकून चारते का गा?' आणि हा म्हणतो, 'दुश्मनाचं तोंड भाजलं तं बोलन कसा उद्या?' हसता हसता ठसका लागला मला, आणि पाठीवर हात फिरवायलाही तोच.

घे, चहा घे. साखर बघ बरोबर आहे का. बरं — गाडी कधी येते उद्या? तू फोनवर म्हणालीस ना, उद्या शेवटचं शूटिंग आहे, तलावाचं. खांद्यावरून बोटीत टाकतात तो सीन. मी पहाटेच तयार राहीन, खाली येऊन थांबीन गेटपाशी, पोरांना वर यायला नको. मुलाला सांगितलं मी कॅनडात, तो म्हणतो, बाबा, या वयात डोंगरात पडलात-बिडलात तर बघणार कोण? म्हटलं अरे, संघपाल आहे ना —

काय? ड्रेस? ड्रेस आहे की हा अंगावर. घालूनच येतो मी. ... आज? आज कशाला न्यायचा? धुवायचा असेल तर मी धुतो. नाही? मग? ... म्हणजे ड्रेस उद्या लागतो आणि मी लागत नाही? मग घालणार कोण तो? डुप्लिकेट आणला का कोणी, घाऱ्या डोळ्यांचा? सांग ना, मला राग नाही येणार. मान खाली काहून घालतेस? ... पुतळा. कशाचा? ... तणसाचा. भाताचं तणस भरून केला. बुजगावणं म्हण ना सरळ.

नाही, बरोबरच आहे अपूर्वचं. पाण्यात उतरायचं, चिखल, दगड — काळजी वाटली असेल त्याला. तसं नाही? ... अच्छा. माझ्यामुळं. त्या गळ्यात हात टाकण्यामुळं का? अगं, ते एकदा झालं — बरं, चार-पाचदा झालं. तू होतीस, तू पाहिलंस. त्या दिवशी हात मोकळे होते ना माझे, बेशुद्ध पडलोय असा सीन होता, आणि संघपालनं मला उचललं की माझा हात आपोआप त्याच्या गळ्यात जायचा. अपूर्व ओरडायचा, 'काका, तुम्ही शत्रू आहात! शत्रू स्वतःहून गळ्यात हात टाकतो का कधी?' सगळे हसायचे. मीही हसायचो. म्हणायचो, सॉरी, पडायची भीती वाटते. भीती कसली! तो पोरगा मला घेऊन चढ चढून राहिला होता, त्याची छाती धपापायची, ती माझ्या पोटाला लागायची, घामाचा वास, विडीचा वास — आणि मला पुन्हा पुन्हा वाटायचं, 'कट' म्हणू नये कोणी. आणि म्हटलंच तर सीन चुकलेला असावा. म्हणजे परत उचलतील.

हे नको सांगू अपूर्वला. बोलून गेलो मी. चारुशीला, माझी बायको, गेल्यापासून मला न्हाव्याशिवाय कोणी हात लावला नाही बेटा. असं नाही की लोक वाईट आहेत. नमस्कार करतात, फोन करतात, मुलगा व्हिडिओवर दिसतो रोज. पण हात लावायचं कारणच पडत नाही कोणाला. कशाला पडावं? धडधाकट माणूस आहे. त्याला कोण उचलणार?

तू असं कर, अपूर्वला सांग, काका म्हणाले हात बांधा. मागून, घट्ट. बेशुद्ध आहे तर आहे, बेशुद्धालाही बांधतात. मी हलणार नाही, श्वास रोखून धरीन. आता लाव फोन. ... लाव ना. ... ठरलंय? बोटीतला निम्मा सीन झालासुद्धा त्याच्यावर, ताडपत्री पांघरून? केव्हा? ... परवा. परवा तुम्ही सगळे खिंडसीला होतात. मी इथं होतो, या खुर्चीवर. हाच ड्रेस — नाही, टोपी नव्हती. टोपी तू मागच्या आठवड्यात नेली होतीस. इस्त्रीला म्हणून.

बरं. थांब, आत जाऊन बदलून येतो. हा गळ्याचा हूक जरा — नाही, बस तू, बस. हात नको लावू. काढतो माझा मी.

हे घे. घडी घातलीय, चुरगळू देऊ नको. आणि ऐक, कामाचं सांगतो. तणस हलकं असतं. संघपाल नट चांगला आहे, पण पाठ खोटं बोलत नाही — हलकं ओझं असलं की पाय पटापट पडतात, आणि बघणाऱ्याला कळतं, खांद्यावर कोणी नाही म्हणून. त्यात वाळू भरा. तलावाच्या काठची भरा, चांगली ओली, माझ्याएवढी जड. मग पाऊल बरोबर पडेल त्याचं. अपूर्वला सांग — सिनेमा चांगला व्हायला पाहिजे त्याचा, मनापासून करून राहिला पोरगा.

नाही गं, मी काय येऊ तिथं? काठावर उभं राहून काय बघू? ... नाही. चहा राहू दे, मी बघतो कपाचं. नीघ तू. संघपालला काही सांगायचं — नाही, काही नाही. नीघ म्हणतो ना. दार ओढून घे.