वाचनालयाचा जामीन

(रत्नागिरी, १९८४. शहरातल्या वाचनालयात ग्रंथपाल मालनताई, आणि देवरूखकडच्या डोंगरातल्या गावात छोटं वाचनालय चालवणारा रावजी.)

रावजी : नाय बाई, पानं फाटलेली नायत. एकशे साठ पानं झाली की परत पान एक येतं. सगळी गोष्ट पयल्यापासून.

मालन : बघू. अगोबाई, खरंच की! तांडेल गलबत घेऊन निघतो, वादळात सापडतो... आणि पुन्हा आपला घरी पेज जेवत बसलेला.

रावजी : सोनूबायनं मनाच झापलं. "रावजी, मेल्या, कालचंच वाचतंस!"

मालन : सोनूबाई कोण?

रावजी : शेजारीन. तिला दिसत नाय. रोज संध्याकाळी मी वाचतो, ती ऐकते. तिचा घोव बोटीवर खलाशी व्हता. तीस वर्सं झाली, गेला तो गेलाच. आता सारखी विचारते, "तांडेल परत आला काय रं?" आनि परवा पोरगा तिला मुंबईस नेतोय. कायमची.

मालन : थांबा, ही कादंबरी आमच्याकडेही आहे. ही घ्या... अहो, ही तर एकशे एकसष्टपासूनच सुरू होते!

रावजी : आनि पुढं?

मालन : शेवटापर्यंत जाते, आणि परत एकशे एकसष्ट.

रावजी : म्हंजे तुमचं अर्धं आमच्याकडं, आमचं अर्धं तुमच्याकडं! तुमचे वाचक काय बोल्ले नायत?

मालन : सहा जणांनी नेली हो. एक प्राध्यापक तर म्हणाले, सुरुवात फार वेगळी आहे! बांधणी कुणाकडे केली होतीत?

रावजी : मिरकरवाड्याचा लवू बाइंडर.

मालन : आम्हीही त्याच्याकडेच. तो काय, आज आमचीच पुस्तकं बांधायला आलाय, आत खळ लावत बसलाय. लवू! बाहेर ये जरा.

लवू : काय ओ ताई?

मालन : ह्या दोन प्रती एकदमच आल्या होत्या ना तुझ्याकडे?

लवू : व्हय. गणपतीच्या आदी.

मालन : उघडून बघ.

लवू : ...अरे देवा.

मालन : वीस वर्षं पुस्तकं बांधतोयस, एक पान कधी इकडचं तिकडे नाही. मग हे कसं रे?

लवू : दोन्ही उसवली, पानांच्या घड्यांचे अर्धे-अर्धे गठ्ठे समोर मांडले, आनि एका पानावर नजर गेली. गलबतात पाणी शिरलेलं. मी कदी वाचत नाय ओ, बांधतो. त्या दिवशी वाचतच बसलो. संपल्यावर शिवायला घेतलं, पन कुठला गठ्ठा पयला नि कुठला पुडचा, ध्यानच नाय राह्यलं.

रावजी : आता बांधून देतंस?

लवू : शिवून खळ सुकायला दोन दिस तरी जातील.

रावजी : माझी एसटी साडेचारला. बाई, तुमचं हे मना द्या. सोमवारी दोन्ही पुस्तकं आनून देतो.

मालन : मी आत्ता दिलं असतं हो. पण पुस्तक सभासदालाच, आणि बाहेरगावच्या माणसाला सभासद करायचं नाही, असा समितीचा ठराव आहे. वाचलाय मी दहादा. "बाहेरगावच्या माणसाला"... रावजी, माणसाला म्हटलंय. वाचनालयाला नाही म्हटलेलं.

रावजी : म्हंजे?

मालन : म्हणजे तुमचं वाचनालयच आमचं सभासद होणार. सांगा. वय?

रावजी : वाचनालयाचं? त्रेपन्न साली काढलं आमच्या बापसानी. एकतीस.

मालन : व्यवसाय?

रावजी : वाचन लिवा की!

मालन : लिहिलं. आता जामीन पाहिजे, शहरातला सभासद.

लवू : मी हाय. बायको पुस्तकं नेते माझ्या नावावर. आना इकडं पेन.

मालन : कर सही. तेवढं तरी देणं लागतोस. आणि रावजी, सोमवारी तुमच्या सगळ्या पुस्तकांची यादी आणा. इथे लोक एखादं पुस्तक मागतात, मी नाही म्हणते, आणि ते तुमच्या कपाटात असेलही. कुणाकडे काय आहे, मला बघायचंच आहे आता.

रावजी : दोनशे बाराच हायत बाई.

मालन : असू देत. आमची यादी मीही लिहून ठेवते.

रावजी : लवू, तू शेवट वाचलास ना? तांडेल परत येतो काय?

लवू : नाय सांगनार. एसटीत उघडू पन नको.

रावजी : अरे, तिनं दारातच विचारलं तर काय सांगू?

लवू : काय नको सांगू. तिच्याजवळ बस, आनि शेवटचं पान हळू वाच.