पोरीची मॅच आहे कुठे?

...अहो, बंद कसला, टीव्ही ठणठणीत चालू होता! तेच तर सांगतोय! टीव्ही चालू, चॅनल चालू, आणि मॅच गायब! तुम्हाला सांगतो, माझी धाकटी, फुटबॉलची गोलकीपर हो, कायम राखीव, बाकावर बसून बसून बाकच झालेली, ती आज पहिल्यांदा मैदानात उतरणार, तीही फायनलला... आणि पडद्यावर काय? दोन कोटवाले स्नूकर खेळतायत! मी ओरडलो, "मॅच आहे कुठे?" तर बायको म्हणते, "अहो, माझ्यावर काय ओरडता? मी काय पदराखाली लपवलीय?"

लावला चॅनलच्या कंपनीला फोन. आवाज असा गोड, ऐकूनच साखर वाढावी. "सऽर, मॅच दाखवायचे हक्क आता आमच्याकडे नाहीयेत." नाहीयेत? गेल्या रविवारी तर होते! "सऽर, ते सेमीफायनलपर्यंतचेच होते." ऐका! म्हणजे शिडीवर चढवायचं आणि शेवटच्या पायरीला शिडीच काढून घ्यायची! मग मॅच आहे कुठे, बाई?

जावयाला विचारलं. तो शांतपणे म्हणतो, "बाबा, पुरुषांची या ॲपवर, बायकांची त्या ॲपवर, आणि पेनल्ट्या फक्त प्रीमियमवाल्यांना." घेतलं बुवा ते ॲप, तर नुसतं चक्र फिरतंय... गरगर, गरगर... आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आरोळी, "अडवलाऽऽ!" कोणी अडवला? कोणाचा? एका पायात चप्पल घालून धावलो वर, शेजाऱ्याच्या घरात घुसलो, त्याच्या टीव्हीवर बघतो तर काय... शाम्पूची जाहिरात!

आणि फोन वाजला. पोरीचा. धापा टाकतेय. "बाबा, पाहिलंत ना? शेवटची पेनल्टी मी अडवली! जिंकलो आपण!" म्हटलं, "पाहिलं गं, पाहिलं..." आणि शाम्पूकडे बघत ढसाढसा रडलो. शेजारी बिचारा पाणी घेऊन आला.

थांबा, संपलं नाही! माझी बहीण स्टेडियमात होती, तिने मोबाइलवर ती उडी टिपली, कौतुकाने नेटवर टाकली. उघडतो तर, "हक्कधारकांच्या तक्रारीवरून काढून टाकले आहे." हक्कधारक? अहो, पोर आमची, उडी तिची, कोपर फुटलं तिचं, हक्कधारक कोण हे?

शेवटी संध्याकाळी पोर घरी आली, म्हणाली, "बसा बाबा, मीच करून दाखवते." सोफा सरकवला, कोपराला पट्टी बांधलेली, तशीच तयारीत वाकून उभी राहिली... आणि मी काय केलं असेल? गुपचूप उठलो आणि खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. न जाणो, आमच्या हॉलचेही हक्क कोणी घेऊन ठेवले असायचे!