घ्या की उघडा?

कन्नड अर्धवट येणाऱ्यानं जुन्या कॅमेऱ्याला हात लावू नये, आधीच सांगायलोय. परवा कलबुर्गीला जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात एका अण्णानं आमच्या बालाजीपुढं कॅमेरा धरला. "तगोरी. बघायलाच हाय, विकायचा न्हाई."

तगोरी म्हंजे घ्या. चिंताकी गावच्या ह्या बालाजीला ऐकू आलं तेगीरी, म्हंजे उघडा. त्यानं मागचं झाकनच उघडलं! आत फोटोचा रोल. खटकन बंद केलं, पर रोलला उजेड लागला तो लागलाच, फोटो गेले.

मीच इचारलं, "अण्णा, रोल कुनाचा हो?"

"आमच्या अप्पांचा, वडलांचा. ते गेले, रोल आतच राहिला. धुवायचा धीर झाला न्हाई."

बालाजीला कॅमेरा खाली ठेवताबी येईना.

अण्णानं त्याच्या हातातला कॅमेरा त्याच्याकडंच सरकवला. मग हळूच म्हनला, "आता तगोरी, तुमालाच."

ह्या वेळी बालाजीला बरोबर ऐकू आलं.